पात आणि बांध
(द्वितीय वर्ष, कला)

बारावीपर्यंत ‘व्यवस्थापन’ हा शब्द मी फक्त बँकेत वाचला होता, काचेच्या केबिनवरच्या ‘शाखा व्यवस्थापक’ या पाटीवर. आमच्या घरात त्या अर्थाचा जो शब्द रोज वापरला जातो तो म्हणजे ‘मेळ’. दाण्याचा मेळ, पैशाचा मेळ, माणसांचा मेळ. उद्या खुरपणीला किती बाया येणार, कुणाच्या वावरात जायचे, पिकअप कोण आणणार, हे आई बोटांवर मोजते आणि म्हणते, “बसला मेळ.” कधी म्हणते, “मेळच बसंना.” एवढ्या दोन वाक्यांत आमच्या घरचे सारे शास्त्र संपते.

या शास्त्राला शंभराहून अधिक वर्षांचा लिखित इतिहास आहे, त्याचे जुने ग्रंथ आहेत आणि ते पुन्हा नीट वाचण्यासाठी शिकलेली माणसे दोन दोन दिवस एकत्र बसतात, हे मला गेल्या जानेवारीत कळले. बारामतीच्या एका महाविद्यालयात नवसंशोधकांसाठी अभिजात व्यवस्थापन सिद्धांतांवर कार्यशाळा होती. नवसंशोधक म्हणजे पीएच. डी.ला नुकतीच नोंदणी केलेले, किंवा तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता प्रबंध लिहिणारे तरुण प्राध्यापक. आम्ही अर्थातच त्यांच्यापैकी नव्हतो. आपल्या महाविद्यालयातून आम्ही चौघे तिथे स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. नोंदणीच्या टेबलावर सह्या घेणे, फाइल आणि पेन देणे, चहाची वेळ सांभाळणे, वक्त्यापुढे पाणी ठेवणे ही आमची कामे. निघताना अर्थशास्त्राच्या सरांनी एवढेच सांगितले होते, “काम आटोपले की मागच्या रांगेत बसा. कळो न कळो, कानावरून जाऊ द्या.”

सकाळची एस. टी. धरून अंथुर्णे, लासुर्णे, जंक्शन, भवानीनगर असे करीत आम्ही बारामतीला पोचत असू. जानेवारी म्हणजे उसाचा ऐन हंगाम. रस्त्याने उसाने भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, वाढ्यांचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया. खिडकीतून हे पाहत जायचे आणि दहा वाजता सभागृहात अमेरिकेतल्या पोलाद कारखान्याची गोष्ट ऐकायची, असे दोन दिवस चालले. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या, त्याला बहुधा तो रस्ताच कारण असावा.

ज्यांना हा विषय अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. अभिजात म्हणून ज्यांची नावे प्रामुख्याने घेतली जातात ते तिघे : अमेरिकेतले फ्रेडरिक टेलर, फ्रान्समधले हेन्री फेयोल आणि जर्मनीतले मॅक्स वेबर. टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनाच्या तत्त्वांवरचे पुस्तक १९११ चे. फेयोल हे खाणींचे अभियंता. डबघाईला आलेली कंपनी त्यांनी १८८८ मध्ये हाती घेतली, तीस वर्षे चालवली आणि १९१६ मध्ये आपला अनुभव चौदा तत्त्वांत मांडला. वेबर १९२० मध्ये वारले. नोकरशाहीवरचे त्यांचे प्रसिद्ध लेखन त्यांच्या पश्चात ग्रंथरूपाने आले. टेलर यांनी काम मोजले, फेयोल यांनी कारभाराच्या पायऱ्या आखल्या आणि कचेरी माणसाच्या मर्जीवर न चालता नियमावर कशी चालते ते वेबर यांनी सांगितले. आज आपण तहसील कचेरीत गेलो काय किंवा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेलो काय, या तिघांपैकी कुणाची तरी सावली तिथे पडलेली असतेच.

पहिल्याच व्याख्यानात टेलर यांची कच्च्या लोखंडाची गोष्ट आली. १८९९ च्या सुमारास बेथलहेम स्टील कंपनीच्या आवारात मजूर लोखंडाच्या लाद्या रेल्वेच्या वाघिणीत भरीत. एक लादी सुमारे ४२ किलोची. ती उचलायची, तिरक्या फळीवरून चढायचे, टाकायची, उतरायचे आणि पुन्हा तेच. एक माणूस दिवसाला सरासरी साडेबारा टन भरी. टेलर यांनी हिशेब मांडला, की माणूस नीट निवडला आणि कधी उचलायचे, कधी थांबायचे हे त्याला सांगत गेले, तर तोच माणूस साडेसत्तेचाळीस टन भरील. त्यांनी एक मजूर निवडला. पुस्तकात त्याचे नाव श्मिट असे दिले आहे. साहेब सांगेल तेव्हा उचलायचे, सांगेल तेव्हा बसायचे, उलट बोलायचे नाही, एवढी अट. त्याने तेवढे टन भरून दाखवले. त्याची मजुरी रोज १ डॉलर १५ सेंट होती, ती १ डॉलर ८५ सेंट झाली. मी वहीच्या कडेला भागाकार करून पाहिला. काम ३.८ पट झाले होते आणि मजुरी १.६ पट.

पण माझे लक्ष अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. हे काम नेहमीचा धंदा म्हणून करायला योग्य असलेल्या माणसाची बुद्धी बैलासारखी जड असते, असे टेलर यांनी त्या पुस्तकात लिहिले आहे. आणि त्याच पुस्तकात, थोडी पाने मागे, त्यांनीच असेही लिहिले आहे, की हा श्मिट काटकसर करणारा होता, त्याने जमिनीचा छोटासा तुकडा विकत घेतला होता आणि कामावर येण्याआधी सकाळी व काम सुटल्यावर संध्याकाळी तो तिथे स्वतःच्या हाताने घराच्या भिंती उभारीत होता. वक्त्यांनी हे दोन्ही सांगितले आणि ते पुढे गेले. मला मात्र पुढे जाता येईना. तुटपुंज्या मजुरीतून जमीन घेणारा, दिवसभर लोखंड वाहून उरलेल्या ताकदीचा हिशेब ठेवणारा, वीट कधी, चुना कधी, छप्पर कधी हे मनात आखणारा माणूस! योजना, संघटन, नियंत्रण हे सगळे त्या मनुष्याकडे होते. फक्त ते कारखान्याच्या फाटकाबाहेर होते.

पुढे चहाच्या वेळी एका प्राध्यापकांनी सांगितले, की १९७४ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी बेथलहेमची जुनी कागदपत्रे तपासली आणि टेलर यांची ही गोष्ट बरीच रंगवून सांगितलेली आहे असे दाखवून दिले. श्मिटचे खरे नाव हेन्री नोल होते, हेही सर्वांना ठाऊक झाले. “म्हणून मूळ ग्रंथही वाचावा आणि मूळ कागदही पाहावा,” असे ते नवसंशोधकांना म्हणाले. मी कप गोळा करीत होते. ते वाक्य मी कप ठेवून वहीत लिहिले.

आता माझ्या आईच्या टोळीविषयी सांगितले पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आई पंधरा-सोळा बायांची टोळी घेऊन खुरपणीला, लागणीला, कांदा काढायला जाते. वावराच्या एका कडेला सगळ्या बाया ओळीने बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला जी सरी किंवा पट्टा येतो त्याला पात म्हणतात. पात धरायची, खुरपत पुढे सरकायचे, पात लागली म्हणजे पलीकडची धरायची. मी दहावीच्या सुट्टीपासून कित्येकदा पात धरली आहे. मालक किंवा त्याचा माणूस बांधावर उभा असतो. काम दोन प्रकारचे : रोजाने आणि उक्ते. रोजाने म्हणजे दिवसाची मजुरी ठरलेली. उक्ते म्हणजे एवढे वावर, एवढे पैसे, मग दोन दिवसांत करा नाहीतर चार. उक्त्याचा दर ठरवताना आई वावरातून एक चक्कर मारते, लव्हाळा किती आहे, हरळी किती आहे, माती ओली की कडक हे बघते आणि आकडा सांगते. तिचा आकडा फारसा चुकत नाही. टेलर यांनी घड्याळ लावून जे काढले ते ती पायाने काढते.

टोळीत एक म्हातारी आहे. तिची पात नेहमी मागे राहते. शेजारच्या दोघी आपापली पात खुरपता खुरपता तिच्या पातीतले दोन-दोन हात ओढून घेतात. हे कुणी सांगत नाही. पैसे वाटताना तिला सर्वांच्या इतकेच मिळतात. आणि एक तरुण सून आहे, तिचा हात विजेसारखा चालतो. ती पुढे गेली की मागून हाक येते, “अगं, दमानं. उद्या त्येच माप पडंल समद्यांना.”

टेलर यांना मजुरांच्या या सवयीचा फार राग होता. मजूर आपसांत ठरवून हात आखडता घेतात, हाच उद्योगातला सर्वांत मोठा दोष, असे त्यांचे मत. विशेष म्हणजे हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. सुखवस्तू घरातला हा मुलगा हार्वर्डची प्रवेशपरीक्षा पास होऊनही, डोळ्यांच्या त्रासामुळे तिकडे न जाता कारखान्यात उमेदवारीला लागला आणि १८७८ मध्ये मिडव्हेल कंपनीत साधा कामगार म्हणून शिरला. हळू काम करण्याचा तो अलिखित करार त्यांनी आतून पाहिला होता. मुकादम झाल्यावर त्यांनी तोच मोडायला घेतला. पातीतला माणूस बांधावर गेला आणि पातीतले जे गुपित त्याला ठाऊक होते तेच त्याने बांधाच्या कामाला लावले. हे ऐकताना मला पंख्याखालीही गरम झाल्यासारखे वाटले.

मजुरांची बाजू त्या काळीही होती. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात घड्याळ लावून काम मोजायला सुरुवात होताच ओतारी कामगारांनी काम बंद केले. अमेरिकेच्या संसदेच्या समितीने चौकशी केली, टेलर यांची साक्ष झाली आणि १९१५ पासून सरकारी शस्त्रागारांत असे घड्याळ लावायला पैसा द्यायचा नाही असे संसदेने ठरवले. वेग वाढला की दर पडतो, ही त्या कामगारांची भीती अनुभवातून आलेली होती. आमच्या टोळीतली “दमानं” ही हाक त्याच भीतीची, आणि थोडी त्या म्हातारीसाठीही. ती कामचुकारपणाची आहे असे जो म्हणेल त्याने एकदा मार्गशीर्षातल्या पहाटे दवाने भिजलेल्या गव्हात पात धरून बघावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका निवृत्त अभियंत्यांचे व्याख्यान होते. त्यांनी सारा विषय एकदम नीरेच्या काठावर आणला. टेलर अमेरिकेत फावड्याचे वजन मोजत होते, त्याच सुमारास, म्हणजे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत, आपल्या नीरा डाव्या कालव्यावर एक अभियंता पाणी मोजत होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये उत्तीर्ण होऊन ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले होते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर झालेला हा कालवा. पाणी आले तसा वरच्या अंगाच्या गावांत ऊस वाढला, काही जमिनी जादा पाण्याने खराब होऊ लागल्या आणि खालची गावे कोरडीच राहिली. विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठराविक जमिनीच्या पट्ट्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची. त्या पट्ट्यात साधारण एक तृतीयांश ऊस आणि बाकी कमी पाण्याची पिके, उसाची जागा पाळीपाळीने बदलायची. म्हणजे पाणी एका गावात साचून न राहता अनेक गावांना पोचेल.

हे ऐकताना मी ताठ बसले. माझे वडील एका बागायतदाराकडे सालाने आहेत. रात्री-अपरात्री दारे धरणे हे त्यांचे मुख्य काम. ब्लॉक, सात नंबरचा अर्ज, शेजपाळी, टेल हे शब्द मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले. ते कुठल्या विद्वानाच्या विचारातून आले असतील असे कधी मनात आले नव्हते. जसे नदीला नाव असते तसे हे शब्द असतात, असे वाटे. संध्याकाळी वडिलांना मी मोठ्या उत्साहाने सांगितले, की हे सगळे एका माणसाने विचार करून बसवले आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “लई हुशार मानूस असनार. पन पाण्याला कागद वाचता येत न्हाय. त्याला उतार कळतो.” फाट्याच्या शेवटी राहणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. योजना कितीही शहाणी असो, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन चारीच्या कडेला उभा राहणारा माणूस तिच्यात धरलेला नसेल, तर पाणी उताराचेच ऐकते.

फेयोल यांच्यावरच्या सत्रात सहकारी साखर कारखान्यांचा विषय निघणे साहजिक होते. आपल्या बाजूला माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर हे कारखाने पाहतच आपण वाढलो. विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा, आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते, हे आपण अभ्यासक्रमात वाचतो. फेयोल यांच्या शिडीत हुकूम वरून खाली येतो. सहकारात शिडीच्या तळाचा सभासद वार्षिक सभेत उभा राहून अध्यक्षांना जाब विचारू शकतो. ही मोठीच गोष्ट आहे. मात्र सभासद होतो तो ऊस पिकवणारा. त्याच उसाची लागण करणारी, खुरपणारी, मोळ्या बांधणारी बाई त्या शिडीच्या कोणत्या पायरीवर धरायची, हा प्रश्न एका सहभागी प्राध्यापकांनी विचारला. वेळ संपली होती. अध्यक्षांनी तो चांगला प्रश्न असल्याचे सांगितले आणि आम्ही जेवणाची पाने मांडायला उठलो.

जेवणानंतरचे सत्र हॉथॉर्नचे. ही नावे अभिजातांच्या नंतरची, पण त्यांच्यावाचून अभिजातांचे मोल कळत नाही म्हणून ती घेतली होती. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जुळवणाऱ्या मुलींना वेगळ्या खोलीत बसवले आणि विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास, मजुरीची पद्धत बदलून पाहिली. उत्पादन वाढत गेले. आपल्याकडे कुणी लक्ष देते आहे, आपल्याला विचारते आहे, यामुळे माणूस चांगले काम करतो असा निष्कर्ष एल्टन मेयो आदींनी काढला. नंतरच्या अभ्यासकांनी त्याबद्दल पुष्कळ शंका घेतल्या. त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. त्या खोलीतल्या मूळच्या पाच मुलींपैकी दोघींना १९२८ च्या जानेवारीत काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी बसवल्या. त्या कामात फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, असे कारण होते. कामगारांचे ऐकून घ्यावे हे जगाला शिकवणाऱ्या प्रयोगातून, दोघी बोलतात म्हणून बाहेर गेल्या! सभागृहात कुणी तरी हसले. मला मात्र पातीतल्या गप्पा आठवल्या. कुणाच्या सासूचे दुखणे, कुणाची उचल फिटली नाही, कुणाच्या मुलीला पाहायला येणार. पात सरकते ती या बोलण्यावरच.

मेरी पार्कर फॉलेट हे नाव त्या सत्रात अगदी ओझरते आले. १८६८ ते १९३३ हा त्यांचा काळ. हुकूम एका माणसाने दुसऱ्याला देऊ नये, दोघांनी मिळून परिस्थिती पाहावी आणि तिच्याकडून हुकूम घ्यावा, असा त्यांचा विचार. वक्त्यांनी तो दोन मिनिटांत सांगितला. मी मात्र दचकले, कारण आई हेच म्हणते. मालक म्हणतो आज खुरपा. ती ढेकूळ हातात फोडून बघते आणि म्हणते, “वावर न्हाय म्हनतंय. परवा बघू.” फॉलेट यांचे नाव मी आता आपल्या ग्रंथालयाच्या मागणी-वहीत लिहून ठेवले आहे.

शेवटच्या सत्रात सहभागींनी गट करून प्रश्नावली तयार करायची होती. आमच्या टेबलाजवळच्या गटाने विषय घेतला, शेतमजूर स्त्रियांचा कामाचा दिवस. तासाचे रकाने पाडले होते. एका बाजूला ‘उत्पादक वेळ’, दुसऱ्या बाजूला ‘अनुत्पादक वेळ’. गटात सोलापूरकडच्या एक ताई होत्या. मी पाणी ठेवायला गेले तेव्हा त्यांनी विचारले, “तुझ्या घरी कुणी शेतात जाते का गं?” मी आईचे सांगितले. त्या म्हणाल्या, “मग ही एक प्रत ने आणि त्यांना विचारून भरून बघ. कुठे अडते तेवढे कळव.”

मी ती प्रत घरी नेली. दुसऱ्या दिवशी आई भाकरी थापत असताना बसले विचारायला. पहिले पाच-सहा प्रश्न नीट गेले. मग तो रकाना आला.

“काय गं त्ये, अनुत्पादक?”

“ज्या वेळात काम होत नाही तो वेळ. बसून राहिलेला, इकडे तिकडे गेलेला.”

“बसतंय कोन?”

“आई, खुरप्याला धार लावायला थांबता ना? पाणी प्यायला जाता, लेकराला पाजायला जाता.”

ती तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “धार न्हाय लावली तर खुरपं चालंल का? मग त्ये काम का बसनं? लेकरू रडाय लागलं तर तिचं चित्त पातीत ऱ्हाईल का? मग त्ये काय म्हनायचं?” थोड्या वेळाने पुन्हा तीच म्हणाली, “वायला जातो त्यो येळ मालकाची वाट बघण्यात. आठला वावरात जायाचं आन साडेनवाला त्यो येनार कुठली सरी धरायची ते दावायला. ह्यो येळ हाय का तुझ्या कागदात?”

तो कागदात नव्हता. मग मी तिला श्मिटची गोष्ट सांगितली. लोखंड, टन, डॉलर, बैल, सगळे. ती ऐकत होती. घराच्या भिंतीपाशी आल्यावर म्हणाली, “घर बांधत हुता? म्हंजी हिसाब येत हुता की त्याला.” आणि बैलाचे ऐकून हसली. “बैल म्हनला काय? बैलाला बी कळतंय कुठं बसायचं त्ये.”

मी ती प्रश्नावली भरून पाठवली. ‘अनुत्पादक’ हा रकाना कोरा ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आईने सांगितलेले जसेच्या तसे लिहिले. त्याखाली दोन प्रश्न लिहिले : कामाची वाट पाहण्यात किती वेळ जातो? एकीची पात मागे पडली तर दुसऱ्या काय करतात? पंधरा दिवसांनी ताईंचे उत्तर आले. दोन्ही प्रश्न त्यांनी घेतले होते. रकान्याचे नाव काय ठेवावे यावर त्यांच्या मार्गदर्शकांशी चर्चा चालू होती. मार्चअखेर एक दिवस टोळीबरोबर येऊन बसता येईल का, असे त्यांनी विचारले होते.

हे मी कौतुकासाठी लिहीत नाही. दोन प्रश्नांनी कुणाची मजुरी वाढत नाही, हे मला कळते. पण आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे. उद्या आपल्यापैकी कुणी बँकेत जाईल, कुणी कारखान्यात स्लिप बॉय होईल, कुणी तलाठी, कुणी प्राध्यापक. म्हणजे आपण बांधावर जाऊ. कुणाची तरी हजेरी, कुणाचे तरी टन, कुणाचा तरी वेळ आपल्या वहीत येईल. त्या वहीतला रकाना कोण पाडणार, हा प्रश्न मला या कार्यशाळेने दिला. टेलरही पातीतून बांधावर गेलेच होते. आतले माहीत असणे एवढ्याने माणूस आतल्यांच्या बाजूने राहतो असे नाही. ते ज्याचे त्याला रोज ठरवावे लागत असेल.

आईला मात्र माझी ही भाषा पसंत नाही. मी म्हटले, की एम. ए. झाल्यावर मलाही असाच अभ्यास करायला आवडेल, टोळीत बसून, पात धरून. ती एकदम गंभीर झाली. “तुला शिकवलं त्ये बांधावर उभं ऱ्हायला. परत पातीत कशाला येतीस? माझी कंबर बघ.” या बोलण्याला कुठल्याही ग्रंथात उत्तर नाही. पातीतल्या मायेविषयी, शहाणपणाविषयी आपण कितीही चांगले लिहिले, तरी पातीतल्या माणसाला आपले मूल तिथून बाहेर काढायचे असते. तिच्या कंबरेचे दुखणे मी माझ्या निबंधासाठी सुंदर करू नये, एवढे तरी मला पाळता आले पाहिजे.

एम. ए.चे काय ते पुढच्या वर्षी ठरेल. फीचा प्रश्न आहे, रोजच्या एस. टी.चा आहे, घरात माझ्या लग्नाचा विषयही अधूनमधून निघतो. सध्या एवढेच ठरले आहे, की ताई मार्चअखेर येणार आहेत. तेव्हा खोडव्याची खुरपणी चालू असेल. आईने यायला हरकत घेतली नाही, फक्त एक अट घातली : “येऊ दे की. पन बांधावर बसून लिवायचं न्हाय. येक पात धरायची.” ताईंनी ती अट मान्य केली आहे. आईने परवा लोहाराकडून एक जादा खुरपे धार लावून आणले आणि दाराच्या वळचणीला खोचून ठेवले.